ॲपचा नवा मालक

वरच्या मजल्यावरचे अण्णा बेल वाजवत नाहीत, दारात नुसते खाकरतात. त्यांनी बनवलेल्या ॲपमध्ये मी रोज बोलून ठेवते, कारण लिहायला बसले की माझी वाण्याची यादीसुद्धा अडते.

काल खाकरून म्हणाले, "अक्का, ॲप मी दुसऱ्याच्या नावावर करतोय. तुमचं बोलणं क्लाउडवर आहे, तेही त्याच्याकडे जाईल. नको असेल तर त्याआधीच पुसून टाका."

मला वाटायचं, ते फोनच्या पोटातच राहतं. यादी संपली की मी गाऱ्हाणी सांगायचे, त्यातली निम्मी अण्णांच्याच फटफट वाजणाऱ्या चपलांची.

बटण दाखवून, माझं पुसून होईपर्यंत ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"मी काही ऐकलेलं नाही हं, अक्का," म्हणाले, आणि चपला हातात घेऊन जिना चढले.