चिपेगोची अदब

चिपेगो हाचिलालाच्या तोंडाला लागू नये, हे लिव्हिंगस्टनच्या बाजारातल्या कांदेवालीपासून दरीतल्या माकडांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. माकडं तिच्या डब्याकडे बघायचीसुद्धा नाहीत. बाई उंच, खांदे पुरुषासारखे रुंद, आवाज असा की झांबेझी नदीच्या गर्जनेवर स्वार होऊन समोरच्या काठावर पोचायचा. राफ्ट हाकायला असाच आवाज लागतो. "वल्हवा" म्हटल्यावर सहा घाबरलेल्या माणसांनी एकदम वल्हवलं पाहिजे. तिथे गोड बोलून भागत नाही.

पोरवयात ती पर्यटकांच्या जेवणाच्या पेट्या डोक्यावर घेऊन दरी चढायची. खाली धरण बांधलं तेव्हा तिच्या आजीचं गाव पाण्यात गेलं होतं, आणि आजी मरेपर्यंत नदीला शिव्या घालत होती. नात म्हणायची, नदीने आपलं घर खाल्लं, आता तिने आपल्याला मक्याच्या पिठाचा नशिमा खाऊ घालावा. पेट्या वाहता वाहता वल्हं धरायला शिकली. गाइड हसले, तिने त्यांच्या सात पिढ्या काढल्या, आणि पुढच्या काही पावसाळ्यांत त्यांच्यातल्या निम्म्यांची ती मुकादम झाली. नवरा खाणीत कामाला म्हणून गेला तो तिकडेच रमला. त्याच्यावाचून तिचं काही अडलं नाही. माराम्बा वस्तीत तिने दोन खोल्या बांधल्या, आणि दाराला रंगसुद्धा स्वतःच दिला.

तिचा मालक लिकांडो मुबियाना. तो लोझी जमातीचा, ही टोंगा जमातीची. त्या देशात टोंगा आणि लोझी म्हणजे एकमेकांची आते-मामेभावंडं, मग रक्ताचा संबंध असो नसो. नातं थट्टेचं. टोंगाने लोझीला गुरंचोर म्हणावं, लोझीने टोंगाला गाईच्या शेपटीमागे जन्म काढणारा म्हणावं, अगदी मयताच्या घरी म्हणावं, आणि कुणी मनाला लावून घ्यायचं नाही. रागावला तो हरला. चिपेगो आणि लिकांडो या खेळातले पट्टीचे. सकाळी ट्रक निघायच्या आधी दोघांची जुंपायची आणि बाकीचे गाइड चहा घेऊन तमाशा बघत बसायचे.

नातं चांगलंच. पण त्यात एक खोट आहे. थट्टेच्या माणसाने खरंच रागावायचं ठरवलं, तर त्याने करावं काय?

मागच्या वर्षी अशाच चढत्या पाण्यात एका शहरी कुटुंबाने रडणारा मुलगा आणला होता. चिपेगो म्हणाली, याला नेणार नाही. तिच्या नेहमीच्याच भाषेत म्हणाली, लिकांडोची आई-मावशी काढून. लिकांडो पोट धरून हसला. बाकीचेही हसले. मुलाला राफ्टमध्ये बसवलंच. 'म्हाताऱ्याचा जबडा' म्हणतात त्या खळाळाच्या जागी राफ्ट उलटली, आणि राफ्ट व खडक यांच्यामध्ये मुलाचा खांदा सापडला. जगला, पण तो हात पुन्हा डोक्याच्या वर गेला नाही. दवाखान्याच्या ओसरीवर लिकांडो तिला म्हणाला होता, "मला वाटलं, तू नेहमीसारखी थट्टाच करतेयस."

ते वाक्य माशाच्या काट्यासारखं तिच्या घशात अडकलं होतं. थुंकता येईना, गिळता येईना.

आणि या वर्षी, नाताळच्या सुटीत, शेजारच्या देशातून, गाबोरोनहून गाडी चालवत मोथुसी नावाचा गृहस्थ आला. गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान, मोकळा स्वभाव, मोठं हसू. बरोबर बायको बोनोलो, थोरला मुलगा काबेलो आणि धाकटी मासेगो. लोझींची भाषा आणि या पाहुण्यांची भाषा एकाच वेलीवरची, त्यामुळे लिकांडोला भाऊच भेटल्यासारखं झालं. दोघे ट्रकला टेकून गुरांच्या किमती आणि पावसाच्या गप्पा मारत बसले. नदी रात्रीतून गढूळ होऊन वर चढली होती, त्याबद्दल मात्र कुणी बोलेना.

चिपेगो एकेकाचं लाइफ जॅकेट आवळत होती. मासेगोपाशी आली तर पोरीने पट्टा मुठीत धरून ठेवलेला. चिपेगो ओढते, पोरगी सोडत नाही. तोंडाला आंबट वास. ट्रकमागे जाऊन ओकून आली होती.

"मला नाही जायचं," ती इंग्रजीत पुटपुटली. "पण बाबांना सांगू नका, त्यांनी वर्षभर याचीच तयारी केलीय."

चिपेगो उठली ती थेट मोथुसीकडे गेली आणि पोरीचं नाव न घेता म्हणाली, धाकटीला वर ठेवू या, पाणी आज वाईट आहे. मोथुसी हसला. त्याचं म्हणणं, मलाही माझ्या बापाने नदीत असंच ढकललं होतं. एक दिवस घाबरेल आणि जन्मभर सांगत फिरेल. वाईट माणूस नव्हता. पण वाईट नसलेल्या माणसांनी जगात जितकं नुकसान करून ठेवलंय, तितकं वाइटांनाही जमलेलं नाही. बोनोलोने मुलीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि चपलेतला खडा काढायला वाकली.

मग चिपेगो लिकांडोकडे वळली. "अरे गुरंचोरा, पूर आला की तुमचा राजासुद्धा बाडबिस्तरा होडीत टाकून उंचावर पळतो. त्याचा तू ढोल बडवून सण करतोस. आणि परक्याच्या पोरीला चढत्या पाण्यात ढकलतोस?"

यापेक्षा खरं वाक्य त्या दिवशी त्या दरीवर कुणी बोललं नसेल. झालं काय? लिकांडो खोखो हसला. गाइडांनी टाळ्या दिल्या. मोथुसीला त्याने भाषांतर करून सांगितलं, तोही हसला.

"ऐका हो, गाईवाली मला पुराच्या गोष्टी शिकवतेय," लिकांडो म्हणाला. "तुला भीती वाटत असेल तर वल्हं दुसऱ्याला दे, आणि तू इथे बसून ताक घुसळ."

पुन्हा हशा. म्हणजे तिने नकार दिला तरी पोरगी जाणारच होती, दुसऱ्या कुणाच्या तरी राफ्टमधून. जिभेवर जे जे आलं ते ती एरवी ओकली असती. पण तिच्या ध्यानात आलं की जितकी जहरी शिवी, तितका मोठा हशा.

तिने हेल्मेट काढून बाजूला ठेवलं. ट्रकसमोरच्या धुळीत, सगळ्यांदेखत, गुडघे टेकले. नजर जमिनीवर. तळहात पोकळ जुळवून हळू टाळ्या वाजवल्या, सासऱ्यापुढे वाजवतात तशा.

"मुबियाना साहेब," ती म्हणाली, "आपण मालक आहात. हात जोडून विनंती आहे, त्या मुलीला आज पाण्यात पाठवू नये. माझं बोलताना काही चुकलं असेल तर पोटात घालावं."

हशा मध्येच तुटला. चहाचा पेला ओठांशी नेलेला गाइड तसाच थांबला. टोंगा बाई लोझी भावंडापुढे गुडघ्यावर बसून साहेब म्हणते, म्हणजे थट्टेचं नातंच तोडते. तिथे जन्मलेल्या कुणालाही ते समजावून सांगावं लागत नाही.

लिकांडोचा चेहरा उतरला. "ऊठ गं. काय हे, लोक बघतायत."

ती उठली नाही. पुन्हा टाळ्या.

"शिव्या दे हवं तर."

"साहेबांना शिव्या कशा देईन?"

लिकांडोने टोपी काढली, पुन्हा घातली. मग मोथुसीच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बाजूला नेलं. काय बोलला ते ऐकू आलं नाही, पण मोथुसीचं मोठं हसू एकदाचं आवरलं. मासेगोचं जॅकेट लिकांडोने स्वतःच्या हाताने काढलं. तेव्हा कुठे पोरीने पट्टा सोडला.

बाकीच्या तिघांना घेऊन चिपेगो नदीवर गेली. आणि नदीने काय करावं? काही केलं नाही. जबड्यातून राफ्ट अशी सरळ निघाली की चिपेगोलाच नदीचा राग आला. संध्याकाळी दरी चढून वर आल्यावर मोथुसी ओल्या कपड्यांत छाती काढून म्हणाला, "बघितलंत? काही झालं नाही. आली असती तर तिलाही मजा आली असती."

चिपेगो दोर गुंडाळत राहिली. दरवेळी काहीतरी झाल्याशिवाय ज्यांना पटत नाही, त्यांच्याशी काय बोलायचं?

कुटुंब आपल्या गाडीतून निघून गेलं. जाताना मासेगोने काचेतून हात हलवला. मग लिकांडो भाजलेलं कणीस घेऊन आला, अर्धं मोडून तिच्यापुढे धरलं. "घे, गाईवाले."

"आभारी आहे, साहेब."

तो शेजारच्या दगडावर बसला. दिवसभर पोरीला सांभाळत वरच थांबला होता. "ती विचारत होती," तो म्हणाला, "ती मावशी आधी थट्टा करत होती का? मी म्हटलं, नाही. तर म्हणते, तुम्हाला कसं कळलं?"

चिपेगोचे हात थांबले.

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"सांगितलं काही नाही." तो कणसाचे दाणे उगाच खुडत बसला. "कळतं गं. इतकी वर्षं तुझा आवाज ऐकतोय. मागच्या वर्षीही कळलं होतं."

खाली नदी घोंघावत होती. तिच्या घशात आयुष्यभराच्या सगळ्या शिव्या एकदम दाटून आल्या, आजीच्यासुद्धा. एक जरी बाहेर पडली असती तरी तो सुटला असता. हसला असता, तीही हसली असती, आणि उद्या सकाळी चहा. त्या मुलाचा हात मात्र खांद्यापाशीच राहिला असता.

तिने त्या शिव्या गिळल्या. गुडघे टेकले, टाळ्या वाजवल्या.

"उद्या दोरांची तपासणी करायची आहे, साहेब. लवकर येते. आपल्या घरी सगळ्यांना नमस्कार सांगावा."

रोज ट्रकमध्ये ती पुढे, त्याच्या शेजारी बसायची आणि गाव येईपर्यंत त्याला सोलून काढायची. त्या दिवशी ती मागे ओल्या राफ्टवर जाऊन बसली. लिकांडोने गाडी सुरू केली, पुन्हा बंद केली, खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"अगं, निदान चोर तरी म्हण."

ती दरीकडे तोंड करून बसली होती. ट्रक निघाला तेव्हा पुढची जागा रिकामीच होती.