गौरीला ब्लर

"देवीची तोंडं ब्लर केलीत तुम्ही? आपल्यावर मोर्चा आणायचाय का?"

दिग्दर्शक मुंबईहून फोनवर तापला होता आणि मी पेणला, रामवाडीतल्या माझ्या खोलीत, आणखी एका गौरीचं तोंड पुसट करत होते. ब्लर म्हणजे तेच. चेहरा ओळखू येऊ नये म्हणून पुसट करायचा.

एरवी मी लग्नांचे व्हिडिओ एडिट करते. ही माझी पहिली डॉक्युमेंटरी. विषय, प्रेमाच्या नावाखाली मुलीचा जीव नकोसा करणारा माणूस. मुलगी रोह्याशेजारच्या अष्टमी गावची, रोह्यात मेडिकलमध्ये कामाला. आपण तिला सायली म्हणू. हा प्राणी पेणचा, गणपतीच्या कारखान्यात मूर्तिकार. दिवसभर फोन. नंबर बदलला की नवा शोधून काढणार. दुकानासमोर बाईक लावून बसणार. नाही म्हटलं की जीव देतो म्हणणार. शेवटी दुकानाच्या मालकीणबाईंनी दम भरला तेव्हा कुठे थांबला.

सायलीच्या घरी यातलं काहीच माहीत नव्हतं. तिची एकच अट होती. "मला कुणी वळखता नाय कामा. बापूस नोकरी सोडायला लावील, घरात बसवील."

आणि हा पठ्ठ्या कॅमेऱ्यासमोर खुशीत बसला. त्याला वाटलं, आपल्या खऱ्या प्रेमावर पिक्चर निघतोय. मागे फळीवर गौरीचे मुखवटे मांडलेले. डोळे पुसत म्हणतो, "तिचा चेहरा डोळ्यांसमोरून हलतच नाय. साचा मीच बनवला. या सगळ्या गौरी म्हणजे तीच हाय."

झालं. सायलीचा आणि त्याचाही चेहरा मी आधीच ब्लर केला होता, दोघांचे आवाजही बदलले होते. आता मागे फळीभर सायल्या. त्यात हा बोलताना सारखा हलणार. मुखवटा त्याच्या डोक्यामागे गेला की ब्लर सुटतो, परत दिसला की नव्याने लावायचा. आठवडाभर मी तेच करत होते.

"शॉटच काढून टाका," दिग्दर्शक म्हणाला.

"मग ते वाक्य जाईल. पिक्चरचा जीव तिथे आहे."

"आणि लोकांच्या भावना दुखावल्या तर?"

"माझे डोळे दुखतायत, त्याचं आधी बघा."

शेवटी सायलीलाच बोलावलं. तिच्या होकाराशिवाय काही पुढे जाणारच नव्हतं. सुट्टीच्या दिवशी मैत्रिणीकडे जाते सांगून आली. पिक्चर बघताना म्हणाली, "ताई, गौरींची तोंडं कशाला पुसलीत?"

"तुझी आहेत म्हणून."

"माझी? दाखवा बघू."

मी ब्लर काढला. ती खुर्ची पुढे ओढून बघत राहिली आणि मग जी हसत सुटली ती थांबेचना.

"अवो ताई, ही मी नाय. ही त्याची आई हाय. दुकानात आलेली एकदा, माझ्या पोराला हो म्हण म्हणून सांगायला. हेच नाक, हीच हनुवटी. माझं नाक असं हाय काय?"

नव्हतं. तिचं नाक चांगलं धारदार. हसणं ओसरल्यावर ती हळूच म्हणाली, "दोन वर्षं समोर बसून व्हता, ताई. बघत काय व्हता मग?"

मला त्या माणसाचा संताप आला आणि माझ्या फुकट गेलेल्या आठवड्याचाही. गौरींवरचे सगळे ब्लर मी डिलीट केले, त्या दोघांवरचे तेवढे ठेवले. वाक्यही ठेवलं.

रोह्यात तिला कुणी ओळखलं नाही. तिच्या बापसाने मोबाइलवर पिक्चर पाहिला आणि जेवताना तिलाच बजावलं, "असल्यांपासून जपून राहा गो." ती व्हय म्हणाली आणि भात वाढून घेतला.

मी मात्र आता एक नियम केलाय. कुणी म्हणालं, हा अमक्याचा चेहरा, तर ब्लर लावण्याआधी तो त्या अमक्याला दाखवून घ्यायचा. प्रेमात पडलेल्याच्या शब्दावर तर मुळीच काम करायचं नाही.