पोच : साडेनऊ

भुतंखेतं, चकवा, स्वप्नात येऊन सांगणारे पूर्वज... या सगळ्याबद्दल माझं मत घरातल्या सगळ्यांना पाठ आहे. कसब्यातल्या आमच्या गल्लीत पिंपळाखाली काहीतरी दिसतं म्हणे. मी पन्नास वर्षं त्याच पिंपळाखालून दूध आणते, मला फक्त कुत्री दिसली. त्यामुळे न उलगडलेल्या अनुभवांच्या या सदरात लिहायची वेळ माझ्यावर येईल असं मला कुणी सांगितलं असतं, तर त्याला मी चहासुद्धा विचारला नसता.

मी शहरातल्या एका आपत्ती नियंत्रण कक्षात काम करते. कुठल्या, ते सांगत नाही, नोकरी अजून आहे. पावसाळ्यात धरणातून पाणी सोडलं की तसा निरोप आम्हाला येतो आणि आम्ही तो नदीकाठच्या वस्त्यांना पोचवतो. वाक्य सोपं आहे, काम नाही. म्हणून आमच्याकडे जुना नियम होता – निरोप फोनवरच द्यायचा, ऐकणाऱ्याने तो जसाच्या तसा परत म्हणून दाखवायचा, आणि मगच रजिस्टरमध्ये ‘पोच’ या रकान्यात वेळ लिहायची. परत म्हटलं नाही, तर पोचला नाही. रकान्यात फुली.

येरवड्याकडच्या नदीकाठच्या एका वस्तीचा फोन माझ्याकडे असायचा. तिथल्या संपर्काच्या बाई शकुंतलाताई. अंगणवाडीत सेविका, वयाने माझ्याएवढ्या, आवाज माझ्या दुप्पट. दरवर्षी आमची रंगीत तालीम व्हायची. मी खोटा निरोप द्यायची, त्या कागदावर वेळेसकट उतरवून घ्यायच्या, परत म्हणून दाखवायच्या आणि शेवटी विचारायच्या, “मॅडम, खरा निरोप कधी देणार? आमचा अभ्यास फुकट चाललाय.”

त्या वर्षी त्यांच्या अस्मिताचं लग्न ठरलं. ऑगस्टमधला रविवार, वस्तीतल्याच बुद्धविहाराचा हॉल, वेळ अकरा. मी म्हटलं, “अहो, भर पावसाळ्यात?” तर म्हणाल्या, “आम्हाला मुहूर्त नसतो मॅडम. मुलाला सुट्टी मिळाली, तोच मुहूर्त.” पत्रिका द्यायला स्वतः ऑफिसात आल्या. माझी ड्यूटी दोनपर्यंत होती. जेवायला नक्की येते, असं कबूल केलं.

आता मुख्य गोष्ट. त्या वर्षी आमच्याकडे सुधारणा झाली होती. सगळ्या विभागांचा मिळून एक व्हॉट्सॲप ग्रुप. निरोप एकदाच टाकायचा, सगळ्यांना कळतो, फोनाफोनी बंद. वस्त्यांना वॉर्डाकडून कळवतील, असं ठरलं. निदान आम्हाला असं वाटत होतं की असं ठरलं.

रविवारी सकाळी नऊ पन्नासला धरणावरून ग्रुपवर निरोप आला – विसर्ग वाढवतोय, बारापर्यंत नदीकाठी पाणी येईल. पाच मिनिटांत खाली अंगठ्यांची रांग लागली. वॉर्डाचा अंगठा, पोलिसांचा अंगठा, साहेबांचा अंगठा. आणि खोटं कशाला बोलू, माझाही. अंगठा दिला आणि झाडं पडल्याचे फोन घेत बसले. त्या दिवशी वारा असा काही सुटला होता की पुण्यातल्या प्रत्येक माणसाच्या दारात एकेक झाड पडलं होतं आणि प्रत्येकाला तेच पहिलं उचलून हवं होतं.

साडेअकराच्या सुमाराला जरा उसंत मिळाली. समोर टेबलावर पत्रिका. सहज वॉर्डाला फोन लावला, म्हटलं, वस्तीवर कळवलंत ना? पलीकडून शांतपणे उत्तर आलं, “नाही हो. तुम्ही कळवता ना?”

बारा-पंधरा अंगठे, आणि कळवलं कुणीच नव्हतं. हॉलमध्ये दीडदोनशे माणसं, नदीपासून चाळीस पावलांवर.

फोन लावला तेव्हा घड्याळात अकरा पस्तीस झाले होते. दोनदा रिंग झाली, उचलला गेला, आणि पलीकडे काही नाही. आवाज नाही, खरखर नाही. ताई, ताई, म्हणून पाहिलं. मग सवयीने सगळा निरोप म्हटला. धरणातून पाणी सोडलंय. बारापर्यंत विहाराच्या पायरीला लागेल. सगळ्यांनी शाळेच्या वरच्या मजल्यावर जा. नदीकडच्या रस्त्याने जाऊ नका. जेवणाची भांडी राहू द्या, माणसं आधी हलवा. मग थांबले. परत म्हणून दाखवण्याची वाट बघत. पलीकडे शुकशुकाट. शेवटी मी रडवेली होऊन म्हटलं, “बोला हो कुणीतरी...” आणि फोन कट झाला. पुन्हा लावला तर लागेचना.

रजिस्टरमध्ये लिहिलं – निरोप दिला ११.३५. पोच – फुली.

वॉर्डाची आणि अग्निशमनची माणसं निघाली. मी शेजारच्या नितीनच्या हातात हेडफोन कोंबला आणि साहेबांना न विचारता स्कूटी काढली. पुलावर पोचेपर्यंत बारा वाजून गेले होते. वरून नदी बघितली आणि मला अस्मिता आठवली. पहिली तालीम मी वस्तीवर जाऊन घेतली, तेव्हा ती परकर-पोलक्यात होती, आईच्या मागे उभी राहून माझा निरोप माझ्याच आवाजात म्हणून दाखवायची.

वस्तीच्या तोंडाशी स्कूटी टाकली. विहाराच्या हॉलमध्ये गुडघाभर पाणी. दारावरचं तोरण तसंच, आत खुर्च्या तरंगतायत, आणि माणूस एकही नाही. मी तिथेच, भिंतीला धरून उभी राहिले. मला वाटलं, संपलं. हे माझ्या अंगठ्याने झालं.

आणि मग वरच्या अंगाने आवाज आला. शंभर-दीडशे माणसं एका सुरात – साधू, साधू, साधू.

शाळेचा जिना मी कसा चढले ते मला विचारू नका. वरच्या मोठ्या वर्गात फळ्यावर खडूने वधूवरांची नावं, समोर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर, पांढऱ्या साडीत अस्मिता, बाकांवर पाहुणे, खिडकीत म्हातारी मंडळी ओळीने बसलेली. आणि मागच्या व्हरांड्यात मसालेभाताचं पातेलं, बुंदीची परात, सगळं जागच्या जागी. लग्न नुकतंच लागलं होतं, त्याचाच तो ‘साधू’. मी दारात उभी, गुडघ्यापर्यंत चिखल, आणि भोकाड पसरून रडतेय.

शकुंतलाताई पुढे आल्या. मला आपादमस्तक बघून म्हणाल्या, “जेवायला दोनला येणार होतात. लवकर आलात.”

“ताई, तुम्ही... कुणी सांगितलं तुम्हाला?”

“कुणी म्हणजे? तुम्हीच. सकाळी साडेनऊला फोन नाही का केलात?”

मी म्हटलं, साडेनऊला मी चहा पीत होते. साडेनऊला धरणावरचा निरोपसुद्धा आला नव्हता.

“मला तुमचा आवाज कळत नाही होय? वर भांडी सोडा म्हणालात. तेवढं ऐकलं नाही मी. दीडशे माणसं जेवायची, भांडी कशी सोडू? आधी म्हातारी माणसं नेली, मग पोरं, मग भांडी. अकराला सगळे वर. नंतर तुम्हाला दोनदा फोन लावला, एंगेज. म्हटलं, बाई कामात असेल.”

मग पर्समधून लग्नाची एक पत्रिका काढून त्यांनी माझ्या हातात दिली. मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांचं गोल अक्षर. वर वेळ – ९.३०. खाली माझा निरोप, जसाच्या तसा. पाणी, पायरी, शाळा, रस्ता, भांडी. आणि शेवटची ओळ – बोला हो कुणीतरी.

“हे काय ते कळलं नाही मला,” ताई म्हणाल्या. “मी तर बोलतच होते. सगळं परत म्हणून दाखवलं, दोनदा. तुम्हाला ऐकूच जात नव्हतं का?”

मी पत्रिका उलटीसुलटी करत राहिले. तेवढ्यात कुणीतरी माझ्या हातात पत्रावळ दिली आणि मी बाकावर बसून मसालेभात खाल्ला. इतका सुंदर मसालेभात मी जन्मात खाल्लेला नाही. अस्मिताने मला बुंदीचा घास भरवला, पडलेल्या झाडांमुळे वाटेत अडकलेली अग्निशमनची माणसं दोरखंड घेऊन वर आली आणि तीही पंगतीला बसली. संध्याकाळी वाजत-गाजत वरात निघाली, शाळेच्या मागच्या रस्त्याने.

आता शंकेखोरांसाठी, कारण मीही त्यांच्यातलीच. ताईंच्या मोबाइलचं घड्याळ बरोबर होतं. त्यात आमच्या कक्षाकडून त्या दिवशी आलेला एकच फोन – ९.३०. आमच्या मशीनवर त्यांच्या नंबरला लागलेला एकच फोन – ११.३५. घड्याळ चुकलं म्हणावं, तर अकराला दीडशे माणसं वर कशी होती? नितीनने फोन कंपनीत चौकशी केली. त्यांनी सांगितलं, सिस्टीममध्ये सगळं ओके आहे.

पुढच्या आठवड्यात आढावा बैठक झाली. अंगठा बंद झाला. फोन आणि परत म्हणून दाखवणं पुन्हा सुरू झालं, आणि ग्रुपवर कुणी कुणाला कळवायचं ते नावासकट लिहायचं ठरलं. त्यात माझ्या हट्टाने एक कलम वाढलं – पलीकडून काहीही ऐकू आलं नाही, तरी निरोप शेवटपर्यंत पूर्ण म्हणायचा. साहेबांनी विचारलं, याचं कारण? मी म्हटलं, अनुभव. तेवढ्यावर ते मंजूर झालं, हाही एक चमत्कारच म्हणायचा.

आणि एक. त्याच आठवड्यात ताई ऑफिसात आल्या, बुंदीचा डबा घेऊन. रजिस्टर मागितलं, माझी फुली बघितली आणि पेन घेऊन तिच्याशेजारी स्वतःच्या हाताने लिहिलं – पोचलं. ९.३०. शकुंतला.

साहेबांनी ते पाहिलं. निरोप अकरा पस्तीसला दिला आणि साडेनऊला पोचला, याचा खुलासा सादर करावा म्हणाले. मी म्हटलं, “साहेब, खुलासा नाहीये. बुंदी आहे, घ्या.”

त्यांनी घेतली. खुलासा माझ्याकडे आजही नाही.