वरच्या शेतातले पाणी

स्ट्रॉबेरीचा मोसम आला की मला ती केस हटकून आठवते. वाटी पुढे आली की मी पहिली स्ट्रॉबेरी हातात धरून बघत बसतो आणि आमच्या सौ. म्हणतात, "अहो, खा आता. ती काही आरोपी नाहीये." लेकीचे तर ठाम मत आहे की बाबांना रिटायर व्हायला जमलेलेच नाही.

यात मी कुणाचेही नाव देणार नाही. माझे बालपण लंडनच्या हॅरोतले, पण पोलिसातली नोकरी बहुतेक सगळी ईस्ट मिडलंड्समध्ये झाली. शेवटची काही वर्षे मी जबरदस्तीने राबवल्या जाणाऱ्या माणसांच्या केसेस बघणाऱ्या एका छोट्या पथकात होतो. पथक म्हणजे मी, एक सार्जंट आणि कायम बिघडलेला प्रिंटर. सार्जंट यॉर्कशरचा, तोंडाने फटकळ, पण कामाला वाघ.

खबर फोनवर आली. नॉटिंगहॅमच्या एका हॉस्पिटलात मूळची नागपूरची एक नर्स होती. आमची ओळख इथल्या गणपतीतली.

"दादा, हे मी officially सांगतेय की नाही ते मलाच ठरवता येत नाहीये," ती म्हणाली. "इंडोनेशियाचा पेशंट आहे, फार्मवर strawberry picking ला आलाय. हात मशीनमध्ये सापडलाय आणि wound पूर्ण infected आहे, म्हणजे accident आजचा नाहीच. सोबत आलेला माणूस सगळी उत्तरं देतोय. मी पेशंटला date of birth विचारली ना, तर त्याने आधी त्या माणसाकडे बघितलं."

"पेशंटच्या सुरक्षेचं बघणाऱ्या तुमच्या सेफगार्डिंगवाल्यांना सांग, त्यांच्याकडून आमच्याकडे रीतसर रेफरल येऊ दे," मी म्हणालो. "पुढचं मी बघतो."

खोटे बोलणारा माणूस उत्तर शोधतो, भ्यालेला माणूस परवानगी शोधतो. इतक्या वर्षांच्या नोकरीत हा फरक मला कळू लागला होता. रेफरल आल्याबरोबर सार्जंट आणि मी त्या फार्मवर गेलो.

लांबच लांब प्लॅस्टिकचे बोगदे, कमरेइतक्या उंचीवर टांगलेल्या वाफ्यांत स्ट्रॉबेरी आणि मागे मजुरांना राहायला कॅरव्हॅनची रांग. मालक इंग्रज, पोलीस दारात बघून गांगरलेला, पण त्याच्याकडचे सगळे नियमाप्रमाणे होते. आठ माणसे जावा बेटावरच्या एकाच गावातून हंगामी व्हिसावर आलेली. त्यांच्यावर देखरेख करणाराही त्याच गावचा. त्याला इंग्रजीत सुपरवायझर म्हणत असले तरी मी मनातल्या मनात मुकादमच म्हणत होतो. हॉस्पिटलात उत्तरे देणारा तो हाच. वय पस्तिशीच्या आत, आवाज मऊ. आम्हाला चहा दिला, खुर्च्या पुसून दिल्या. "एव्हरीबडी हॅपी हिअर, सर," तो म्हणाला आणि मागे उभी असलेली माणसे एकदम हसली.

मी सार्जंटला बाजूला घेऊन म्हणालो, "या अख्ख्या फार्मवर मला एक तरी मशीन दाखव ज्यात माणसाचा हात चिरडेल."

तो एक चक्कर मारून आला. फळे हाताने तोडायची, हाताने खोक्यात भरायची. मशीन नव्हतेच. म्हणजे हात दुसरीकडे कुठेतरी सापडला होता.

शोध घेतल्यावर वीसेक मैलांवर भाजीपाल्याची एक पॅकिंग शेड सापडली. मुकादमाची व्हॅन रोज संध्याकाळी तिथे जाताना रस्त्यावरच्या कॅमेऱ्यांत दिसत होती. फार्मवरचे काम संपले की हा आठही जणांना व्हॅनमध्ये घालून तिकडे नेत असणार आणि त्यांना फुकट राबवत असणार, असा आमचा अंदाज होता. शेडवाल्याने मात्र कानांवर हात ठेवले. अंदाज कोर्टात चालत नाही. कुणीतरी बोलायला हवे होते.

मुकादमाला अटक करून आणले, गप्प राहायच्या हक्काची 'कॉशन' वाचून दाखवली, त्याचा वकील म्हणजे सॉलिसिटर आला, टेप सुरू झाला. प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर: "नो कमेंट." ताकास तूर लागू दिली नाही. फार्मवर पाऊल ठेवायचे नाही या अटीवर त्याला जामिनावर सोडावे लागले.

आठ जणांची तऱ्हा त्याहून वाईट. जखमी झालेला माणूस त्यांच्यातला वयाने मोठा, पन्नाशीचा. बाकीचे त्याला आपल्या 'काका'सारखे 'पाक' म्हणत, म्हणून मी इथे त्याला काकाच म्हणतो. काका म्हणाले, "मी पडलो." दुसरा म्हणाला, "ते पडले." आठही जणांनी शब्दाला शब्द तेच सांगितले. पासपोर्ट कुणी काढून घेतलाय? नाही, ज्याचा त्याच्या खिशात. कर्ज? नाही. मारहाण? नाही. घरच्यांना धमकी? नाही. आमच्या ट्रेनिंगमध्ये शिकवलेले सगळे प्रश्न संपले.

"मग यांना भीती आहे तरी कसली?" सार्जंट वैतागून म्हणाला. "दरवाजा सताड उघडा आहे आणि एकही माणूस बाहेर पडत नाही."

हंगाम संपत आला होता. व्हिसा संपला की ही माणसे परत जाणार, केस बंद होणार आणि पुढच्या वर्षी हाच मुकादम नवीन आठ जण घेऊन येणार. काका घाबरून मधेच निघून गेले तर उपचार अर्धवट राहणार होते, आणि तसे झाले तर दोन बोटे गमवावी लागतील असे डॉक्टरांनी बजावले होते.

काकांना ड्रेसिंगला नेताना मी आणि इंटरप्रिटर सोबत जायचो. इंटरप्रिटर म्हणजे जाकार्ताच्या एक बाई, नॉटिंगहॅममध्ये स्थायिक झालेल्या, शांत. एकदा ड्रेसिंगला उशीर होता म्हणून आम्ही हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये बसलो. केसचे काही विचारायचे नाही असे मी ठरवले होते. सहज म्हणालो, "गावी काय पिकवता?"

माणूस एकदम बदलला. इतके दिवस खाली असलेली मान वर आली. चांगल्या हाताने त्यांनी साखरेच्या पुड्या ओढल्या आणि ट्रेवर गाव मांडले. मिठाची बाटली म्हणजे डोंगर. पुड्या म्हणजे भाताची खाचरे, पायऱ्यांसारखी एकाखाली एक. हे घर, हे परसात नारळ आणि केळी, इथे बायकोच्या शेळ्या, आणि हे सर्वांत खालचे खाचर आमचे, वडिलांनी दिलेले. काही चुकले की पुडी उचलून परत नीट ठेवत होते.

माझे मामा नाशिककडच्या बागलाणातले. लहानपणी सुट्टीत भारतात आलो की मी त्यांच्याकडे जायचो. बंधाऱ्यावरून पाट, पाटावर गावाने नेमलेला पाटकरी आणि त्याने लावून दिलेल्या पाळीप्रमाणे ज्याच्या त्याच्या शेतात पाणी. मामांबरोबर दारे धरायला, म्हणजे वाफ्यांत पाणी वळवायला गेलो की ते सगळ्या भाऊबंदकीचा इतिहास सांगायचे, आणि तो सगळा पाण्यापाशी येऊन थांबायचा. त्या आठवणीतच मी विचारून गेलो, "तुमच्या खाचरात पाणी कुणाच्या शेतातून येतं?"

काकांचा हात थांबला. मग त्यांनी वरच्या एका मोठ्या पुडीवर बोट ठेवले. ते शेत मुकादमाच्या वडिलांचे होते. आठही जणांची खाचरे त्याच्या खाली होती. वरून आलेले पाणी त्या शेताचा बांध कुणी फोडून दिला तरच खाली उतरायचे.

"त्यानं तुम्हाला पाणी तोडायची धमकी दिली?"

"नाही," काका म्हणाले. "तसं कशाला बोलेल? रात्रीचं जेवण झालं की तो फक्त म्हणायचा, वडिलांचा फोन आला होता, यंदा पाणी कमी आहे म्हणतात."

पासपोर्ट कुठे आहे ते विचारत आम्ही महिनाभर फिरलो होतो, आणि साखळदंड म्हणजे सात समुद्रांपलीकडचा एक हातभर मातीचा बांध होता.

"तुमच्याकडे पाणी वाटणारा माणूस असेल ना? त्याच्याकडे तक्रार?"

आहे, म्हणाले. पण तक्रार करायची म्हणजे चारचौघांत त्या म्हाताऱ्यावर आरोप करायचा. त्यांच्या गावात तसे कुणी तोंडावर बोलत नाही. एकदा माणसाची लाज काढली की पिढ्यान्‌पिढ्या ते भरून येत नाही. म्हणून आठही जण घरी 'सगळं ठीक' असे सांगत होते.

सार्जंटला हे सांगितल्यावर तो कपाळाला हात लावून म्हणाला, "ग्रेट. आता जावातल्या बांधावर एक कॉन्स्टेबल बसवायचा का?"

माझे हात बांधलेले होते. साक्षीदाराला काय करायचे ते पोलिसाने सांगितले की बचावाचा वकील कोर्टात त्याचे भरीत करतो. काकांनी घरी फोन करू का असे विचारले. "तुमचा फोन, तुमची बायको, मला विचारायचं कारण नाही," एवढेच मी म्हणालो आणि तसे नोंदवून ठेवले.

पहिल्यांदाच त्यांनी बायकोला सगळे खरे सांगितले. ती बाई काय रडली-भेकली असेल ती असो, पण तिने जे केले त्याला माझा सलाम आहे. तिने नवऱ्याच्या हातासाठी जेवण घातले. तिकडची ती जुनी रीत आहे. घरात काही संकट आले, बरे झाले, नवे काही सुरू केले, की शेजारच्या सगळ्या घरांतल्या पुरुषांना बोलवायचे. चटईवर बसायचे, मध्ये भाताची उंच रास. जेवणाआधी एक वडीलधारा माणूस यजमानांच्या वतीने हे जेवण कशासाठी ते सगळ्यांसमोर सांगतो आणि बसलेले सगळे 'होय' म्हणतात. बोलावणे टाळायचे नसते आणि जेवणात कुणी भांडत नाही. तिने पाणी वाटणाऱ्याला बोलावले, आणि मुकादमाच्या वडिलांना मानाच्या जागी बसवले.

वडीलधाऱ्याने सांगितले: या घरच्या धन्याचा हात परमुलखात चिरडला. ज्याच्या हाताखाली तो काम करतो त्याने त्याला परक्या मशीनवर नेले होते. हे तो कुणाला सांगू शकत नाही, कारण त्याला आपल्या शेताची काळजी वाटते. त्याचा हात बरा होवो आणि त्याची काळजी दूर होवो. आरोप नाही, नाव नाही. सगळे 'होय' म्हणाले. म्हाताऱ्यालाही म्हणावे लागले.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या पाण्याची पाळी होती. तिकडे पाणी सुटले आणि इकडे सकाळ होताच काका इंटरप्रिटरबाईंना घेऊन ठाण्यात हजर. फोनवर व्हिडिओ होता. धुकट सकाळ, बांधावर निम्मा गाव उभा, आणि पांढऱ्या केसांचा एक माणूस गुडघाभर चिखलात उतरून कुदळीने स्वतःच्या शेताचा बांध फोडत होता. पाणी खळाळत खाली आले. काकांची बायको त्यात पाय रोवून उभी होती, हसत आणि रडत.

म्हाताऱ्याला यातले काहीच ठाऊक नव्हते. पाणी कमी आहे असा फोन त्याने कधी केलाच नव्हता. आपल्या नावाने कुणी घाबरते आहे हे त्याला त्या जेवणात कळले. जाताना तो काकांच्या बायकोला एवढेच म्हणाला होता, "त्याला सांग, जे झालं ते सगळं सांगून टाक."

काकांनी सांगितले. मग बाकीचे सातही जण बोलले. शेडचा पत्ता, मशीनची तुटलेली जाळी, हॉस्पिटलात नेण्याआधी वाया घालवलेले दिवस, सगळे.

मुकादमाला पुन्हा समोर बसवले. सॉलिसिटरला सगळ्या जबाबांची आणि गावात बांध फोडून पाणी सोडल्याची माहिती दिली होती. दोन प्रश्नांना "नो कमेंट" झाले. मग त्याने टेपकडे न बघता विचारले, "बांध कुणी फोडला?"

"तुझ्या वडिलांनी."

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकले. सॉलिसिटर त्याच्या कानात काहीतरी सांगत होता, पण तो ऐकत नव्हता. त्या दुपारी त्याने शेडवाल्याशी झालेल्या व्यवहारासकट सगळे कबूल केले. मला त्याची दयाच आली, हे लपवत नाही.

मुकादम आणि शेडवाला, दोघांनाही शिक्षा झाली. काकांची बोटे वाचली, थोडी ताठर राहिली. जबाब द्यायला त्यांचा मुक्काम वाढवून मिळाला होता. कोर्टात पीडित म्हणून तुम्हाला काही सांगायचे आहे का, असे विचारल्यावर ते उभे राहिले. आम्हाला वाटले, हाताबद्दल बोलतील.

"याचे वडील एकटे आहेत," ते म्हणाले. "इथला हंगाम संपला की शेतात मुलगाच मदतीला असायचा. तो इथे अडकेल, म्हणून यंदा त्यांचं भात आम्ही आठ जण कापणार आहोत. हे मुलाला कळावं, म्हणजे तो काळजी करणार नाही."

आरोपीच्या पिंजऱ्यात काचेमागे तो पोरगा हुंदके देऊन रडू लागला. सार्जंट खोकल्याचे निमित्त करून बाहेर गेला.

तोवर माझी समजूत अशी होती की शिक्षा झाली की केस संपली, बाकीचे आपले काम नाही. त्यानंतर नोकरीचे जे दिवस उरले होते, त्यांत मी कुणालाही अटक केली की एक प्रश्न ठरवून विचारायचो, रेकॉर्डवर नाही, साधाच: तू आत गेल्यावर घरचे काम कोण करणार? शिवी देणारेही त्यावर थांबायचे. काही जण उत्तर द्यायचे, आणि कधी कधी तिथून खरे बोलणे सुरू व्हायचे.

कापणी झाल्यावर काकांनी इंटरप्रिटरबाईंच्या फोनवर एक फोटो पाठवला. पेंढ्यांच्या राशीपुढे आठ जण ओळीने बसलेले आणि मधोमध तो म्हातारा, हातात चहाचा पेला, काहीतरी सांगतोय आणि सगळे त्याच्याकडे बघून हसताहेत.