शर्टावरचे कावेचे दोन डाग

भूत, करणी, उतारा... असलं काही कुणी सांगायला लागलं की मी चहा सांगायच्या निमित्तानं उठून जाणारा माणूस. बायको मंगळवारी दाढी करू देत नाही, त्यावरून आमच्या घरात अजून भांडण होतं. तरीही हे लिहितोय, कारण तो शर्ट कपाटात आहे आणि मला गप्प बसू देत नाही.

मी अंबडला एका शाळेची बस चालवतो. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात आम्ही नवरा-बायको कुंभार पिंपळगावच्या बाजारात रांजण घ्यायला गेलो होतो. अंगात नवा पांढरा शर्ट, कारण तिथूनच मेहुण्याच्या साखरपुड्याला जायचं होतं. विकणारी म्हातारी माठांना लाल काव लावत बसली होती. मी रांजण उचलला आणि तोल गेला. तिनं पटकन उठून मागून दोन्ही हातांनी मला धरलं. शर्टाच्या पाठीवर दोन लालभडक अंगठे! एक मणक्याजवळ, एक उजव्या बगलेखाली.

"मावशे, हात तरी पुसायचे!" मी खेकसलो.

"न्हाई निघायचा तो डाग बाबा. ऱ्हाऊ दे," ती म्हणाली.

खरंच निघाला नाही. तीन साबण झाले, मग बायकोनं शर्ट जुन्या कपड्यांच्या पेटीत टाकला.

दिवाळीनंतर मला नागीण झाली. पाठीपासून उजव्या बरगडीवरून पुढपर्यंत फोडांचा पट्टा. फोड वाळले, आग मात्र राहिली. बनियन टेकला तरी निखारा ठेवल्यासारखं व्हायचं. नवीन जालन्यातले डॉक्टर म्हणाले, "नागीण गेली, पण जाताना शीर दुखावून गेली." साध्या औषधांनी भागेना, तेव्हा त्यांनी जड गोळी दिली. अफूच्या जातीची आहे, जपून घ्या, हेही सांगितलं.

दुखणं दबलं. पण एका सकाळी अंतरवाली सराटीच्या अलीकडं माझे डोळे मिटले... एकच क्षण. "भाऊ! ओ भाऊ!" बसमधल्या मदतनीस ताई किंचाळल्या. चाकं रस्ता सोडून कापसाच्या बांधाला लागली होती. मागं चाळीस लेकरं. कुणाला खरचटलंही नाही. त्याच दिवशी मुख्याध्यापकांच्या टेबलावर किल्ली ठेवली. गोळी अंगात असताना स्टेअरिंगला हात लावायचा नाही, आणि स्टेअरिंग तर सोडायचं नाही... मग गोळीच सोडायची. सरांनी दोन महिने बदली ड्रायव्हर ठेवायचं कबूल केलं.

डॉक्टरांनी गोळी हळूहळू कमी करत बंद केली आणि फिजिओथेरपीच्या मॅडमकडं पाठवलं. त्यांनी घरी वापरायला तळहाताएवढं यंत्र दिलं. दोन वायरी, दोन चिकट पट्ट्या, शिरेला हलका करंट. मुंग्या आल्यासारखं होतं आणि दुखणं झाकलं जातं. "पट्ट्यांची नेमकी जागा सापडायला हवी," मॅडम म्हणाल्या. पंधरा दिवस आम्ही जागा शोधत होतो. वर, खाली, पुढं... आग तशीच. रात्री दात आवळून बसायचो, पण गोळीचा डबा उघडला नाही. मुदत संपायला आठ दिवस उरले होते.

एका दुपारी बायको माझ्या उघड्या पाठीकडं बघत थबकली. उठली आणि पेटीतून तो शर्ट घेऊन आली.

"मी इथं करंट लावून राह्यलो अन् तू शर्ट आणून राह्यली?"

"घाला म्हणते ना! बिलकुल बोलू नका."

घातला. डाग जिथं आले तिथं तिनं शर्टाखालून हात घालून स्वतःच्या टिकल्या चिकटवल्या, मग त्या जागी पट्ट्या लावल्या. पंधरा मिनिटांत आग विझत गेली. तीन महिन्यांत पहिल्यांदा शर्ट पाठीला टेकला आणि मला कळलंही नाही. मी रडलो. लपवत नाही.

मग माझ्यातला संशयी जागा झाला. मुद्दाम पट्ट्या दोन बोटं सरकवल्या, आग परत. जागेवर आणल्या, गायब. चार वेळा करून पाहिलं. मॅडम म्हणाल्या, शीर त्याच वाटेनं जाते, जागा बरोबरच आहे, बाकी योगायोग. असेल. पण डाग नागिणीच्या सहा महिने आधीचे होते.

पुढच्या सोमवारी सात वाजता बस काढली. बिनगोळीची.

मागच्या बाजारी शर्ट घेऊन त्या म्हातारीकडं गेलो. तिला मी आठवत नव्हतो. सगळं ऐकून ती हसायला लागली.

"रांजण फुटू न्हये म्हणून धरलं असंल बाबा. तुला कशाला धरू? आता बरं हाय ना मंग?"

असं म्हणत ती उठली आणि माझ्या पाठीवर थोपटायला कावेनं माखलेला हात पुढं केला.

आणि मी, कशावरच विश्वास न ठेवणारा माणूस, दोन पावलं मागं सरलो.