खांद्यांचा जोर

ऐंशीच्या दशकात मी कल्याणहून ठाण्याला विटा पोचवायचो. गाडी जुनी, आणि स्टेअरिंग इतकं जड की कोपर गावच्या गल्लीत वळताना सीटवरून अर्धं उठून, छातीचा भार टाकूनच ते फिरवावं लागे. गिअर उतरवायचा तर क्लच दोनदा दाबायचा आणि इंजिनाचा आवाज कानांनी ओळखायचा. चुकलात की गिअरबॉक्स शिव्या देई. संध्याकाळी बायको तेल कोमट करून माझे खांदे चोळायची. आज कुठला दुखतोय, एवढंच विचारायची. त्या दुखण्याची मला घमेंड होती. खांद्यावर उसवलेली शर्टाची शिवण मी मुद्दाम लोकांना दाखवायचो.

आमच्याकडे दुसरा ड्रायव्हर होता, दिवा गावचा, अंगानं काडीपैलवान. मी म्हणायचो, हा गाडी वळवणार नाही, गाडीच याला वळवेल. सगळे हसायचे. तोही हसायचा.

नव्वदीच्या अखेरीस शेठनी नवी गाडी आणली, पॉवर स्टेअरिंगची. ती आम्हा दोघांपैकी एकाला मिळणार होती. दुसऱ्याच्या वाट्याला जुनी, आणि ती तर भंगारात निघायला आलेली. नवी माझीच, यात मला शंका नव्हती. पूजा झाली, चाकांखाली लिंबं ठेवली. फाटकाबाहेर उजवीकडे वळायचं होतं. मी सवयीनं सीटवरून उठलो आणि सगळी ताकद लावून स्टेअरिंग ओढलं.

त्यात वजनच नव्हतं. ते गर्रकन फिरलं, मी दारावर आदळलो आणि गाडीचं तोंड फाटकाशी मासळी विकणाऱ्या म्हातारीवर गेलं. ब्रेक कसा दाबला, आठवत नाही. उतरून पाहिलं तर बंपर आणि तिची पाटी यांत वीतभर जागा. तिनं फक्त पाटी जवळ ओढली. इतक्या वर्षांत माझ्या गाडीनं कुणाला ओरखडा काढला नव्हता, आणि आज माझ्या ताकदीनंच एका बाईचा जीव घेतला असता.

दिव्याचा तो ड्रायव्हर जवळ आला. "उस्ताद, जोर नका लावू," तो हळूच म्हणाला. "दोन बोटं पुरेत."

टोमणा असता तर बरं झालं असतं. शेठ काही बोलायच्या आत मी किल्ली त्याच्या हातात ठेवली. त्यानं गाडी मागे घेतली, दोन बोटांनी वळवली आणि गेला.

संध्याकाळी बायको तेलाची वाटी घेऊन आली. "आज कुठला?"

मी शर्ट काढलाच नाही. म्हटलं, "नको. आज काहीच दुखत नाही."