बरकतीचं ऑइल

माफ करणं मला जमत नाही. बायको म्हणते, एवढा राग धरून ठेवू नये, ब्लडप्रेशर वाढतं. वाढू दे. ज्या माणसानं भर बाजारात माझे हात हुंगले त्याला मी विसरावं, असं ज्याला वाटत असेल त्यानं आधी स्वतःचे हात चारचौघांत हुंगू द्यावेत आणि मग मला शहाणपण शिकवावं.

सोनपेठजवळच्या आमच्या गावात मी तेव्हा एका जीपवर ड्रायव्हर होतो. सकाळी गावातून माणसं भरायची, सोनपेठला सोडायची, परत भरायची. लग्नसराईत परभणीपर्यंतही फेरी व्हायची. जीप जुनी, डिझेलची. मालक गावातलाच, ऊस-हळदीचा बागायतदार. गाडीवर जीव असा की बॉनेट उघडायचा मान त्यानं कुणाला दिला नाही. ड्रायव्हरनं स्टिअरिंग धरावं, इंजिनाला बोट लावू नये, हा त्याचा कायदा. रोज सकाळी तो स्वतः येऊन ऑइल मोजायची पट्टी ओढायचा, फडक्यानं पुसायचा, परत घालायचा, परत ओढायचा आणि उजेडात धरून बघायचा. आम्ही पॅसेंजरसकट थांबून राहायचो.

त्या वर्षी एक आक्रीत घडलं. ऑइल कमी व्हायचं सोडून वाढायला लागलं. पट्टीवरची खूण बुडाली, तरी चढतच राहिलं. मालक पट्टी हातात घेऊन थेट चहाच्या टपरीवर गेला.

"बगा रं," तो म्हणाला, "लोकाच्या गाड्या ऑइल पितेत, आमची गाडी ऑइल द्यायलीय. बरकत हाय ही, बरकत!"

टपरीवरच्यांनी माना डोलावल्या. त्या बरकतीपायी मालकानं दर सोमवारी महादेवाला नारळ सुरू केला. पहिल्या फेरीच्या घाईत तो देवळाच्या उंबऱ्यावर नारळ ठेवायचा, हात जोडायचा आणि निघायचा. नारळ फोडायचं आणि देवाला दाखवायचं काम गुरवाचं. आमच्या गावचे गुरव म्हणजे माझे वडील. त्यांना मी आबा म्हणायचो.

इकडे ऑइल वाढत होतं आणि तिकडे डिझेल पुरेनासं झालं. एका टाकीत व्हायच्या तेवढ्या फेऱ्या होईनात. मालकानं गाडीखाली वाकून बघितलं, जमिनीवर थेंब नाही. पाइप चाचपले, ओल नाही. गळती नाही म्हटल्यावर चोरी, आणि चोरी म्हटल्यावर ड्रायव्हर. एकाच इंजिनात एक गोष्ट कमी होत होती आणि एक वाढत होती, पण त्या दोन्ही शेजारी ठेवून बघायचं अख्ख्या गावात कुणाला सुचलं नाही. वाढलं ते देवाच्या नावावर गेलं, घटलं ते माझ्या.

बाजारच्या दिवशी सोनपेठच्या थांब्यावर गाडी उभी होती. मालक आला, त्यानं माझं मनगट धरलं आणि माझा पंजा स्वतःच्या नाकाला लावला.

"डिझेल!" तो ओरडला. "हुंगा रं, तुमी बी हुंगा. कॅन भरून इकायलाय ह्यो."

डिझेलच्या गाडीवरच्या माणसाच्या हाताला काय केवड्याचा वास येणार? पण लोक पुढे आले. भाजीच्या पिशव्या सांभाळत, ओळीनं, देवदर्शनाला यावं तसे आले आणि माझा हात हुंगून गेले. कुणीतरी मोबाइलवर ते सगळं घेतलं. संध्याकाळच्या आत तो व्हिडिओ गावच्या ग्रुपवर होता आणि तिथून माझ्या बहिणीच्या सासरी पोचला होता. तिच्या सासूनं तिला जेवताना विचारलं, तुझा भाऊ लिटरमागं काय घेतो म्हणून. हे मी विसरू म्हणता?

मी आरडाओरडा केला तेव्हा मालक म्हणाला, "खरा असशील तर महादेवापुढं बेलभंडार उचल."

आमच्याकडे बेलाचं पान आणि हळदीचा भंडारा तळहातावर घेऊन बोललेला शब्द शेवटचा. खोटं बोलणाऱ्याच्या घराचं वाटोळं होतं असं मानतात, म्हणून चोरसुद्धा तिथं मागं सरतात. आणि तो बेल तळहातावर ठेवायचा गुरवानं. म्हणजे माझ्या बापानं.

सगळा गाव देवळापुढे जमला. आबांनी पिंडीवरचं बेलाचं पान उचललं, त्यावर चिमूटभर भंडारा टाकला आणि माझ्या हातावर ठेवलं. माझ्याकडे बघितलं नाही. मी म्हणालो, "म्या थेंबभर डिझेल इकलं न्हाई." आबा वळले आणि गाभाऱ्यात गेले.

मालकाला तेवढ्यानंही समाधान नव्हतं. "शपथ घेतली म्हून पोलिसात देत न्हाई," तो म्हणाला. "पर माझ्या गाडीला शिवू नको."

त्या दिवशी घरी मी एकाच वाक्याची वाट बघत होतो. पोरा, मला ठाऊक आहे, एवढंच. आबा जेवले, तांब्या पालथा घातला आणि अंथरुणावर पडले. मालकाचं बोलणं मला लागलं होतं, पण आबांचं न बोलणं जास्त लागलं. सकाळी आईला सांगून मी परभणीची बस धरली. जाताना मनात दोनच गोष्टी होत्या. मालकानं त्याच देवळापुढे, त्याच लोकांपुढे मला खरं म्हणायचं, आणि आबांनी ते कानांनी ऐकायचं.

परभणीत एका म्हाताऱ्या उस्तादांच्या गॅरेजवर मी राहिलो. लोक म्हणतात, आवड असली की विद्या येते. मला सुडापोटी आली. गळकी गाडी आली की मी इतरांच्या आधी उठायचो. उस्तादांनी शिकवलं की गळती शोधायची तर आधी सगळं धुऊन कोरडं करायचं. मग पाइपांच्या जोडांवर पावडर मारायची, इंजिन चालू करायचं आणि थांबायचं. पावडर जिथं काळवंडते तिथं गळती. कधी थेंब बाहेर येत नाही, उलट हवा आत शिरते. मग सकाळी गाडी लवकर उठत नाही, आणि पाइपातून बुडबुडे जाताना दिसतात. गाडीला पेट्रोलचा वास येतो म्हणून कुणी मोटरसायकल घेऊन आलं की मी आधी त्याला विचारायचो, कुणावर आळ घेतलात का? लोक हसायचे. मी गमतीनं विचारत नव्हतो.

आईचा फोन यायचा. मागे आबांचा खोकला ऐकू यायचा. फोनवर ते कधी आले नाहीत आणि मीही कधी बोलावलं नाही. बाप असला म्हणून काय झालं, मनात म्हणायचो, तुमचाही हिशेब व्हायचाय.

पुढच्या उन्हाळ्यात ती जीप गॅरेजच्या दारात येऊन उभी राहिली. मी आवाजावरूनच ओळखली. वाटेतल्या पिंगळीपासून काळा धूर ओकत आली होती आणि आत खडखडत होती. मालक स्वतः चालवत आला होता. माझ्यानंतर त्यानं आणखी दोन ड्रायव्हर चोर म्हणून हाकलले होते. मग स्वतः बसला, तरी डिझेल पुरेना. आता हुंगायला त्याचे स्वतःचेच हात उरले होते.

मला बघून तो उस्तादांना म्हणाला, "दुसरं कुणी न्हाई का?"

"ह्याच्यापेक्षा चांगला न्हाई," उस्ताद म्हणाले आणि चहा प्यायला गेले.

मी नियमानं गेलो. टाकी, पाइप, फिल्टर सगळं पुसून पावडर मारली, इंजिन चालू ठेवलं. पावडर पांढरीशुभ्र राहिली. मालक मागून म्हणाला, "बाहिर काईच न्हाई, म्या रोज बगतो." मी इंजिन बंद केलं, जरा थांबलो आणि ज्या पट्टीला हात लावायची मला कधी परवानगी नव्हती ती ओढली. ऑइल खुणेच्या कितीतरी वर होतं आणि पाण्यासारखं पातळ. बोटावर घेऊन हुंगलं. त्या वासानं माझे डोळे भरून आले, ते आनंदानं आले की संतापानं ते मला आजही सांगता येणार नाही.

टाकीतलं डिझेल ओढायला इंजिनाच्या अंगाला एक छोटा पंप असतो. त्यात रबराचा पडदा. पडद्याच्या अलीकडे डिझेल, पलीकडे इंजिनाचं पोट. पडदा चिरला की डिझेल जमिनीवर पडत नाही, सरळ ऑइलमध्ये उतरतं. ऑइल वाढतं, पातळ होतं आणि पातळ ऑइलवर इंजिन आतून झिजत जातं. मी पंप खोलला, पडदा काढला आणि उन्हाकडे धरला. चिरेतून उजेड आला.

मग मोबाइल भिंतीला टेकवून चालू केला आणि पट्टी मालकाच्या नाकाखाली धरली.

"हुंगा, मालक."

त्यानं हुंगलं.

"काय हाय?"

त्यानं नाक मागं घेतलं. मी पट्टी तशीच धरून ठेवली.

"डिझेल," तो हळूच म्हणाला.

"न्हाई. बरकत हाय."

सगळं ऑइल मी एका कॅनमध्ये काढून घेतलं. मालक बाकावर बसला होता. इंजिनाचं काम निघणार हे त्याला कळलं होतं, आणि ते आपल्याच हातांनी ओढवलं हेही. शेवटी म्हणाला, "झालं गेलं सोड. आपण गावचेच हाव. उद्यापसून गाडीवर ये."

मला त्याच्या तोंडात ते ऑइल ओतावंसं वाटलं. मी म्हणालो, "सोमवारी देवळापुढं या. चोर सगळ्यांपुढं म्हनलात, आता खरा बी सगळ्यांपुढं म्हना. न्हाई आलात तर हा व्हिडिओ गावच्या ग्रुपवर, आन तुमच्या लेकीच्या सासरी बी."

तो बाकावरून उठला. लेकीचं नाव घेतल्याबद्दल मला वाईट वाटलं का? नाही वाटलं. माझीही बहीण कुणाची लेक होती.

सोमवारी मी कॅन घेऊन गावी गेलो. देवळापुढे माणसं जमली होती. नवा पडदा आणि नवं ऑइल घालून कशीबशी चालती केलेली जीप घेऊन मालक आला, उंबऱ्यावर नेहमीसारखा नारळ ठेवला आणि खाली मान घालून म्हणाला, "गाडीचा पडदा फाटला होता. डिझेल इंजिनात जायलं होतं. पोरानं चोरलं नव्हतं." मी त्याचा हात धरून कॅनमध्ये बुडवला आणि वर काढला. "हुंगा रं," मी लोकांना म्हणालो, "तुमी बी हुंगा." आणि लोक आले. तीच माणसं ओळीनं आली, हुंगून गेली, एकदोघं हसली. मालकाच्या मनगटावरून काळं ऑइल बाहीत उतरत होतं. मला फार बरं वाटलं. मोठेपणा वगैरे काही सुचला नाही.

तरी माझं पोट भरलं नव्हतं. आबा गाभाऱ्याच्या दारात उभे होते. मी त्यांच्याकडे वळलो आणि जे इतके महिने घोकलं होतं ते म्हणालो, "ऐकलंत का आता?"

ते वळले. आत गेले. मला वाटलं, झालं, पुन्हा तेच. पण आतून काहीतरी ओढत आणल्याचा आवाज आला. आबा एक पोतं फरफटत बाहेर आले. पायरीवर आणून त्यांनी त्याचं तोंड सोडलं. आत नारळ होते, सगळे अख्खे. वरचे अजून ओले होते, खालचे वाळून खुळखुळत होते.

"तुमचे हाईत, मालक," आबा म्हणाले. "त्या दिवसापसून एक बी देवाला दावला न्हाई. ज्यानं माझ्या पोराच्या हातावर बेल ठिवायला लावला, त्याचा नारळ मी फोडू व्हय?"

उंबऱ्यावरचा आजचा नारळही त्यांनी उचलला आणि पोत्यात टाकला.

लोकांनी हात हुंगला तेव्हा मालक उभा राहिला होता. आता तो पायरीवर बसला. इतके सोमवार तो हात जोडून गेला होता आणि देवापर्यंत त्याचं काहीच पोचलं नव्हतं. तो एकदा पोत्याकडे बघे, एकदा पिंडीकडे. माझ्या कॅनकडे आता कुणाचंच लक्ष नव्हतं.

मी तसाच उभा राहिलो. आबांनी पोत्याचं एक टोक धरलं आणि माझ्याकडे बघितलं.

"बगायलास काय?" ते म्हणाले. "धर तिकडून."

आम्ही दोघांनी मिळून ते पोतं उचललं आणि मालकाच्या जीपमध्ये नेऊन टाकलं.